व्हेल गेले, नकाशा तिथेच राहिला

जून २०१७. कॅनडाच्या पूर्वेकडे, सेंट लॉरेन्सच्या आखातात, उत्तर अटलांटिक राइट व्हेलचं एक मेलेलं धूड तरंगताना दिसलं. मग आणखी एक. महिना संपेस्तोवर सहा. वर्षअखेर कॅनडाच्या पाण्यात बारा आणि अमेरिकेच्या बाजूला पाच असे सतरा राइट व्हेल मेल्याची नोंद झाली. सतरा हा आकडा ऐकायला लहान वाटतो. पण त्या वेळी जगात या जातीचे सगळे मिळून साडेचारशेच्या आसपास व्हेल उरले होते आणि त्या हंगामात पिल्लं जन्मली होती फक्त पाच.

काही धुडं ओढून किनाऱ्यावर आणली गेली. प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या वाळूत पशुवैद्यांची पथकं हातभर लांब सुऱ्या घेऊन उतरली. चरबीचे थर ओढायला खोदाईची यंत्रं लावावी लागली. उन्हात फुगलेल्या, सडत चाललेल्या साठ टनी जनावराचं शवविच्छेदन हे काम काय असेल याची कल्पनाच केलेली बरी. निष्कर्ष मात्र सरळ होते. काहींच्या अंगात मुका मार होता, आत रक्त साकळलेलं, म्हणजे जहाजाची धडक. काही दोरात अडकून मेले होते. एकदोन इतके सडले होते की कारण सांगता येईना. रोगाची साथ किंवा विषबाधा असं काही निघालं नाही.

म्हणजे गुन्हेगार सापडले: जहाज आणि दोर. पण हेच व्हेल आदल्या तीस वर्षांत जहाजं आणि दोर असलेल्या समुद्रातच राहत होते आणि २०१० च्या सुमारापर्यंत हळूहळू वाढतही होते. मग २०१७ मध्येच असं काय झालं? शवविच्छेदनाच्या अहवालात 'हवामान बदल' असा रकाना नसतो. तो शोधायला आखातातून बाहेर पडून सातआठशे किलोमीटर दक्षिणेला, अमेरिकेच्या मेन राज्यालगतच्या आखातात जावं लागतं. माझ्या मते या प्रकरणात घेण्यासारखं आहे ते हे: संरक्षण होतं, विचारपूर्वक आखलेलं होतं, काम करत होतं. पण ते ज्या पाण्याभोवती आखलं होतं, तिथलं अन्न संपलं आणि व्हेल उठून निघून गेले.

बारीक जीव, मोठं पोट

राइट व्हेल पंधरा-सोळा मीटर लांब वाढतो. रंगानं काळा, पाठीवर पर नाही, चाल संथ. तोंडात दात नाहीत. टाळूपासून लोंबणाऱ्या लांब पट्ट्यांची झालर असते. तोंड उघडं ठेवून तो पाण्यातून सावकाश पुढे सरकत राहतो, झालरीतून पाणी गळून जातं आणि अन्न आत राहतं. पृष्ठभागालगत, तोंड वासून, आपल्याच नादात पोहणारं काळं जनावर काळ्या पाण्यात जहाजाच्या सुकाणू-कक्षातून दिसणं किती कठीण, हे खलाशी माणसाला सांगायला नको.

हे अन्न म्हणजे प्रामुख्यानं एकच जीव, कॅलानस फिनमार्किकस नावाचा कोपेपॉड, म्हणजे पाण्यात तरंगणारा बारीक कवचधारी जीव. तांदळाच्या दाण्याएवढा. एवढ्या मोठ्या देहाला रोज टनाहून जास्त कॅलानस लागतो. हा जीव उन्हाळ्याच्या अखेरीला, पूर्ण वाढ होण्याच्या आधीच्या अवस्थेत, अंगात तेलाची पिशवी भरून घेतो आणि खोल पाण्यात जाऊन निपचित पडतो. हिवाळा तसाच काढायचा आणि वसंतात वर यायचं. त्या निद्रेतल्या, तेलानं टच्च भरलेल्या कॅलानसचे दाट थर खोल खळग्यांमध्ये साचतात. राइट व्हेलला ते थर हवे असतात. समुद्रात कॅलानस 'आहे' एवढं पुरत नाही, तो दाटीनं हवा. विरळ प्लवकात तोंड उघडून पोहायला जेवढी ताकद जाते तेवढीही भरून निघत नाही.

पुढचं सगळं या तेलाच्या पिशवीवर येऊन ठरतं.

फंडीच्या उपसागरात बसलेली घडी

मेनच्या आखाताच्या ईशान्य टोकाला फंडीचा उपसागर आहे. जगातली सगळ्यात उंच भरती-ओहोटी इथली, वरच्या टोकाला सोळा मीटरपर्यंत. या उपसागराच्या तोंडाशी ग्रँड मनान बेटाजवळच्या खळग्यात राइट व्हेल उन्हाळ्यात जमतात हे बोस्टनच्या न्यू इंग्लंड अ‍ॅक्वेरियमच्या संशोधकांच्या १९८० मध्ये लक्षात आलं. तोवर ही जात जवळजवळ संपलीच असं धरलं गेलं होतं. बास्क शिकाऱ्यांनी अकराव्या शतकापासून तिची शिकार सुरू केली आणि १९३५ मध्ये शिकारबंदी आली तेव्हा मारायला फारसं काही उरलंच नव्हतं.

अ‍ॅक्वेरियमच्या लोकांनी एक चिवट काम हाती घेतलं: प्रत्येक व्हेलची ओळख पटवून नोंदवही करायची. राइट व्हेलच्या डोक्यावर खरखरीत, जाड कातडीचे चट्टे असतात. त्यांवर पांढरट उवा वस्ती करतात, म्हणून ते दुरून उठून दिसतात, आणि प्रत्येकाची नक्षी वेगळी. त्यावरून क्रमांक दिले गेले, काहींना नावं पडली. आज कुठल्या मादीला किती पिल्लं झाली, तिला कधी दोर लागला, ती कुठल्या उन्हाळ्यात कुठे दिसली हे सांगता येतं. मोठ्या रानटी प्राण्याच्या अख्ख्या जातीची जवळजवळ घरटी नोंद असणं ही दुर्मीळ गोष्ट. आपल्या अरबी समुद्रातल्या हम्पबॅक व्हेलची स्थिती याच्या नेमकी उलट. ओमानजवळ त्यांची संख्या शंभराच्या आत असल्याचा अंदाज आहे. तिथे उपग्रह-टॅग लावलेली लुबान नावाची मादी २०१७ च्या डिसेंबरात समुद्र ओलांडून गोव्याच्या बाजूला आली आणि पुढे भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली, तेव्हा कुठे हे व्हेल दोन्ही किनाऱ्यांचे आहेत याचा पक्का पुरावा हाती लागला. पूर्वीची नोंदच नसेल तर ते 'हलले' हे कळणार कशावरून?

असो. फंडीकडे परत.

नोंदवही होती म्हणून प्रश्नही नेमका मांडता आला. व्हेल जमतात त्याच खळग्यावरून सेंट जॉन बंदराकडे जाणारी तेलवाहू जहाजं जात होती. संशोधक मोइरा ब्राउन यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेल कंपनीलाही सोबत घेतलं, आणि २००३ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या मान्यतेनं जहाजांचा मार्गच बाजूला सरकवला गेला. धोक्यातल्या व्हेलसाठी जहाजांचा आखलेला मार्ग वळवण्याची ती जगातली पहिलीच वेळ. २००८ मध्ये नोव्हा स्कोशियाच्या दक्षिणेचा रोझवे खळगा 'टाळावा असा भाग' ठरला. त्याच वर्षी अमेरिकेनं आपल्या किनाऱ्यावरच्या ठरावीक पट्ट्यांत, ठरावीक महिन्यांत, ६५ फूट आणि त्याहून मोठ्या जहाजांना १० नॉटची वेगमर्यादा घातली. १० नॉट म्हणजे ताशी साडेअठरा किलोमीटर. हा आकडा हवेतून काढलेला नाही. डलहौसी विद्यापीठातल्या संशोधकांनी धडकांच्या नोंदी तपासून दाखवलं होतं की १५ नॉटला धडक बसली तर व्हेल मरण्याची शक्यता ८० टक्क्यांच्या घरात असते, आणि वेग ८-९ नॉटवर आणला की ती २० टक्क्यांवर येते.

याच उपसागरातलं एक संशोधन मला फार आवडतं. राइट व्हेलची विष्ठा तरंगते, तांबूस असते आणि भयंकर घाण येते. संशोधक बोटीच्या नाळेवर शिकवलेला कुत्रा बसवायचे आणि तो वास धरून बोट तिकडे वळवायचा. रोझलिंड रोलँड यांच्या गटानं या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं मोजली. २००१ च्या सप्टेंबरात, न्यू यॉर्कवरच्या हल्ल्यानंतर काही दिवस जहाजांची ये-जा मंदावली, पाण्यातला आवाज उतरला आणि नमुन्यांत ताणाची संप्रेरकंही उतरलेली आढळली. जहाज अंगावर आलं नाही तरी त्याचा नुसता आवाज या जनावराला किती जड जातो, ते या एका योगायोगानं मोजता आलं.

तर अशी घडी बसली होती. व्हेल कुठे जमतात ते माहीत, जहाजं तिथून हटवलेली, वेग कमी केलेला. १९९० मध्ये २७० च्या आसपास असलेली संख्या २०१० च्या सुमाराला ४८० च्या घरात गेली.

तळाचं पाणी

मेनचं आखात वरून उघडं दिसतं, पण त्याच्या तोंडाशी पाण्याखाली उथळ बंधारे आहेत. खोल पाणी आत येतं ते मुख्यतः 'नॉर्थईस्ट चॅनल' नावाच्या एका खोल खाचेतून. त्या खाचेबाहेर दोन प्रवाहांची ओढाताण चालू असते: उत्तरेकडून लॅब्राडोरचं थंड पाणी, दक्षिणेकडून गल्फ स्ट्रीमचं उबदार. २०१० च्या सुमाराला तराजू झुकला. गल्फ स्ट्रीम उत्तरेकडे सरकली, लॅब्राडोरच्या पाण्याचा ओघ घटला आणि खाचेतून आत येणारं खोल पाणी उबदार झालं. अटलांटिकचं मोठं अभिसरण मंदावण्याशी याचा संबंध संशोधक जोडतात. वरच्या पाण्याचं तापणं वेगळंच. अँड्र्यू पर्शिंग आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवलं की २००४ ते २०१३ या दशकात मेनचं आखात जगातल्या ९९ टक्के समुद्रापेक्षा जास्त वेगानं तापलं.

कॅलानस हा थंड पाण्याचा जीव, आणि मेनचं आखात म्हणजे त्याच्या मुलखाची दक्षिण वेस. तळ उबदार झाला की झोपलेल्या कॅलानसचं शरीर तेल लवकर जाळतं. आणि मुळात बाहेरून येणाऱ्या पाण्यासोबत नवा कॅलानसच कमी येऊ लागला. आखाताच्या पूर्व भागात, उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, म्हणजे नेमका फंडीला पुरवठा व्हायचा तिथे आणि तेव्हा, घट सगळ्यात जास्त झाली. निकोलस रेकॉर्ड आणि एरिन मायर-गुटब्रॉड यांच्या गटांनी हे दुवे एकेक करून जोडले.

व्हेलना हे शोधनिबंध वाचायची गरज नव्हती. फंडीत उन्हाळ्यात दिसणारे व्हेल २०१० नंतर कमी होत गेले. काही वर्षं तर संशोधक बोटी घेऊन जात आणि जवळजवळ हात हलवत परत येत. उपासमारीची खूण दुसरीकडेही उमटली, विणीत. मादीला अंगावर पुरेशी चरबी जमल्याशिवाय गर्भ धरवत नाही. पूर्वी साधारण तीन वर्षांनी पिल्लू होत असे, ते अंतर सात वर्षं आणि त्याहून जास्त झालं. २०१७-१८ च्या हिवाळ्यात जॉर्जिया-फ्लोरिडाच्या विणीच्या पाण्यात एकही पिल्लू दिसलं नाही. जोशुआ स्ट्युअर्ट आणि सहकाऱ्यांनी विमानातून आणि ड्रोनमधून घेतलेल्या छायाचित्रांवरून मापं काढली. आताची पिढी पूर्ण वाढूनही १९८१ मध्ये जन्मलेल्या व्हेलपेक्षा सुमारे मीटरभर आखूड राहील, असा त्यांचा हिशेब निघाला. यात दोराचा वाटा मोठा आहे. शंभरातले पंच्याऐंशी राइट व्हेल आयुष्यात एकदा तरी दोरात अडकलेले आहेत, आणि अंगावर दोर ओढत पोहणाऱ्या जनावराची चरबी वाढीला लागायच्या आधीच खर्च होते.

आखातात वाढून ठेवलेलं

व्हेल गेले कुठे? पाण्याखाली सोडलेल्या ध्वनिग्राहकांत २०१५ पासून सेंट लॉरेन्सच्या आखातात राइट व्हेलचे आवाज पूर्वीपेक्षा बरेच जास्त येऊ लागले. विमानांना तिथे ते दिसायलाही लागले. इथलं पाणी अजून थंड होतं. कॅलानस होता, आणि त्याचा मोठा, जास्त तेलकट उत्तरेचा भाऊबंदही होता. पुढच्या पाच वर्षांत या जातीतले सुमारे ४० टक्के व्हेल या आखातात येऊन गेले. अन्नाच्या दृष्टीनं त्यांचा निर्णय बरोबरच होता.

बाकी सगळं चुकीचं होतं. सेंट लॉरेन्सचं आखात म्हणजे माँट्रियल आणि पंचमहासरोवरांकडे जाणाऱ्या जहाजांचा हमरस्ता. कॅबटच्या सामुद्रधुनीतून आत आलेली मालवाहू जहाजं व्हेल असतील या हिशेबानं कधी चाललीच नव्हती. वेगमर्यादा नव्हती, वळवलेला मार्ग नव्हता, टेहळणी नव्हती. सगळे नियम फंडी आणि रोझवेच्या खळग्यांभोवती होते.

आणि दक्षिण आखातात स्नो क्रॅब या खेकड्याची मासेमारी. बर्फ वितळला की एप्रिलअखेर ती सुरू होते आणि जुलैपर्यंत चालते. लोखंडी चौकटीचा भलामोठा पिंजरा तळाशी, त्याला बांधलेला जाड दोर सरळ वर, आणि टोकाला बोया. त्या दोराला 'उभा दोर' म्हणू. व्हेलच्या तोंडात, परावर किंवा शेपटीच्या बुडाला बसतो तो हाच. जनावर बिथरतं, गिरकी घेतं आणि वेटोळं घट्ट होतं. योग असा की २०१७ मध्ये खेकडा भरपूर असल्यानं पकडीचा कोटा आदल्या वर्षाच्या जवळजवळ दुप्पट होता. म्हणजे जास्त पिंजरे, जास्त दिवस, जास्त उभे दोर, आणि त्याच पट्ट्यात तोंड उघडून फिरणारे शंभरावर व्हेल. खेकडेवाल्यांनी नियम मोडला नव्हता. त्यांच्या समुद्रात हे पाहुणे आजवर एवढ्या संख्येनं आलेच नव्हते.

१० जुलै २०१७ रोजी कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या शिपागनजवळच्या समुद्रात जो हाउलेट यांनी दोरात अडकलेल्या एका राइट व्हेलला मोकळं केलं. हाउलेट मूळचे शेवंड (लॉब्स्टर) पकडणारे मच्छीमार. कॅम्पोबेलो बेटावरच्या व्हेल-सुटका पथकाच्या संस्थापकांपैकी एक. हे काम कसं चालतं ते पाहण्यासारखं आहे. व्हेलला भूल देऊन आडवं करता येत नाही. लहान वेगवान बोटीतून त्याच्या अगदी अंगालगत जायचं, लांब काठीच्या टोकाला बसवलेली, आतल्या बाजूनं धार असलेली आकडेवजा सुरी दोरात अडकवायची आणि ओढायची. कुठला दोर कापला म्हणजे बाकीचे सुटतील हे व्हेल वर आल्यावर मिळणाऱ्या काही सेकंदांत ठरवायचं. काय चाललंय हे व्हेलला कळत नाही. शेवटचा दोर कापला गेला, व्हेल सुटला आणि बुडी मारताना त्याच्या शेपटीचा तडाखा हाउलेट यांना बसला. ते तिथेच गेले. त्याच्या काही दिवस आधी याच आखातात त्यांनी आणखी एक व्हेल सोडवला होता. त्यानंतर कॅनडानं राइट व्हेलच्या सुटकेचं काम काही महिने थांबवलं आणि २०१८ च्या मार्चमध्ये नव्या नियमांनिशी पुन्हा सुरू केलं.

माणसं जिवावर उदार होऊन एकेक दोर कापतात ही गोष्ट मोठी आहेच. पण उभे दोर हजारोंनी पाण्यात असताना सुऱ्या घेऊन किती जण पुरे पडणार?

नियम व्हेलच्या मागे धावू लागले

११ ऑगस्ट २०१७ रोजी कॅनडाच्या परिवहन खात्यानं आखाताच्या पश्चिम भागात २० मीटर आणि त्याहून लांब जहाजांना १० नॉटची मर्यादा घातली. पुढच्या वर्षी खेकड्याचा हंगाम लवकर सुरू होऊन लवकर आटपावा म्हणून तटरक्षक दलानं बर्फफोडी जहाजं लावून बंदरं मोकळी केली. व्हेल यायच्या आत पिंजरे काढून घ्यायचे, असा बेत. मोठा पट्टा हंगामभर बंद ठेवला, आणि त्याबाहेर व्हेल दिसला की तेवढा भाग तात्पुरता बंद. २०१८ मध्ये कॅनडाच्या पाण्यात एकही राइट व्हेल मेलेला सापडला नाही.

मग जे झालं ते सरकारी कामकाज पाहिलेल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. वर्ष चांगलं गेलं, म्हणून लगाम सैल झाला. २०१८ मध्ये व्हेल जिथे दिसले होते त्यावर बेतून २०१९ चा कायम बंद पट्टा बराच लहान करण्यात आला. जहाजांना काही मार्गिकांत, व्हेल दिसले नाहीत तर, नेहमीच्या वेगानं जायला मुभा होती. २०१९ मध्ये व्हेल पुन्हा थोडे वेगळीकडे पांगले आणि कॅनडाच्या पाण्यात नऊ मेले.

त्यातली एक १२८१ क्रमांकाची मादी, पंक्चुएशन. अंगावरचे व्रण स्वल्पविराम आणि आडव्या रेघांसारखे दिसत म्हणून हे नाव. १९८१ पासून ओळखीची, आठ पिल्लांची आई, आजीसुद्धा झालेली. पाच वेळा दोरात अडकून सुटलेली, आधी दोनदा जहाजाचे घाव सोसलेली. जून २०१९ मध्ये ती आखातात तरंगताना सापडली. केप ब्रेटनच्या किनाऱ्यावर आणून तपासलं तेव्हा पाठीवर लांब, खोल काप होता, जहाजानं केलेला. विणीच्या माद्या मोजक्या उरलेल्या असताना अशी एक मादी जाणं म्हणजे पुढच्या पिल्लांची सगळी ओळच पुसली जाणं.

२०२० पासून कॅनडानं वेगळी पद्धत धरली, आणि ती मला या प्रकरणातली सगळ्यात विचार करण्याजोगी गोष्ट वाटते. नकाशावर कायमची रेघ कमी, हलती रेघ जास्त. विमानातून दिसलेला किंवा पाण्याखालच्या ध्वनिग्राहकांनी ऐकलेला एक राइट व्हेलही पुरेसा. त्या भोवतालचा भाग १५ दिवस मासेमारीला बंद. त्या मुदतीच्या उत्तरार्धात तिथे पुन्हा व्हेल आढळला तर आखातात तो भाग हंगाम संपेपर्यंत बंद. वेगमर्यादा १३ मीटरवरच्या जहाजांनाही लागू होती. आपोआप फिरणारी ग्लायडर यंत्रं व्हेलचे आवाज टिपून कळवू लागली. त्या वर्षी कॅनडाच्या पाण्यात मेलेला राइट व्हेल सापडला नाही.

'सापडला नाही' हे शब्द मी मुद्दाम वापरतो. १९९० ते २०१७ या काळात प्रत्यक्ष मेलेल्या राइट व्हेलपैकी फक्त तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास धुडं माणसाच्या नजरेस पडली, असा गणिती अंदाज आहे. बाकीचे बुडाले, वाहून गेले. दोरानं उपासमार होऊन रोडावलेला व्हेल तर सहसा बुडतोच, म्हणून धुडं मोजून जहाजाचा दोष जास्त आणि दोराचा कमी दिसतो.

याची किंमत मोजली कुणी? न्यू ब्रन्सविकच्या अकेडियन किनाऱ्यावर, शिपागन, लामेक, काराकेटसारख्या फ्रेंचभाषक गावांत, वर्षाचा संसार खेकड्याच्या काही आठवड्यांवर चालतो. ऐन भरात भाग बंद झाला की बोटवाला पिंजरे उचलून दुसरीकडे नेतो, तिथे आधीच गर्दी. प्रक्रिया कारखान्यांतल्या बायकामाणसांचे कामाचे तास बुडतात. मार्च २०१८ मध्ये या खेकड्याचं टिकाऊ मासेमारीचं प्रमाणपत्रही निलंबित झालं. जगभरच्या धुरामुळे एका आखातातलं पाणी तापलं आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्या आखातातल्या खेकडेवाल्यांनी भरला. हा अन्याय आहे, आणि तो मान्य न करता नुसते नियम सांगणाऱ्यांचं तिथे कुणी ऐकून घेत नाही. कॅनडात निदान भाग बंद असतानाही वापरता येतील असे बिनदोरी पिंजरे मच्छीमारांना उसने देण्याची सोय झाली. यात दोर आणि बोया पिंजऱ्यासोबत तळाशीच राहतात. बोटीवरून ध्वनिसंकेत दिला की बोया सुटून वर येतो. महाग आहेत, वेळ जास्त खातात, पण बंद भागात मासेमारी चालू ठेवायचा दुसरा मार्ग फारसा नाही.

शेवंड आणि वॉशिंग्टन

अमेरिकेच्या बाजूची गोष्ट यापेक्षा भांडखोर. मेन राज्यात शेवंड हे नुसतं पीक नाही, ती तिथली ओळख आहे, आणि तिचेही उभे दोर आहेत. २०२२ च्या सप्टेंबरात माँटेरे बे अ‍ॅक्वेरियमच्या ग्राहक-यादीनं अमेरिकन शेवंड 'टाळा' या लाल रकान्यात टाकली, आणि राज्यभर संताप उसळला. आमच्या दोरानं व्हेल मेल्याचा पुरावा कुठे आहे, असा मच्छीमारांचा सवाल होता. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसनं खर्चाच्या मोठ्या विधेयकात कलम घालून शेवंडवाल्यांवरचे नवे नियम २०२८ अखेरपर्यंत पुढे ढकलले. जानेवारी २०२४ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटावर तीन वर्षांच्या मादीचं, ५१२० क्रमांकाचं, कलेवर लागलं. शेपटीत रुतलेल्या दोरावर जांभळ्या खुणा होत्या. मेनच्या मच्छीमारांना आपले दोर ओळखू यावेत म्हणून जो रंग लावणं सक्तीचं केलं होतं, तोच. जहाजांच्या बाबतीत ३५ ते ६५ फुटी बोटींनाही वेगमर्यादा लावायचा २०२२ चा प्रस्ताव जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतला गेला.

३५६० क्रमांकाच्या, स्नो कोन नावाच्या मादीची नोंद वाचली की दोन्ही देशांच्या त्रुटी एका देहावर दिसतात. तिचं पहिलं पिल्लू जून २०२० मध्ये न्यू जर्सीजवळ जहाजांच्या माराने मेलं. मार्च २०२१ मध्ये ती स्वतः दोरात अडकलेली दिसली. पथकांनी काही दोर कापले, सगळा निघाला नाही. त्याच अवस्थेत ती त्या उन्हाळ्यात सेंट लॉरेन्सच्या आखातात गेली, तिथून दक्षिणेला जॉर्जियापर्यंत पोहत आली आणि डिसेंबरात, अंगावर दोर असतानाच, व्याली. सप्टेंबर २०२२ मध्ये नँटकेटच्या दक्षिणेला ती अखेरची दिसली, तेव्हा पिल्लू सोबत नव्हतं, अंगावर नवा दोर होता, कातडी फिकटलेली आणि उवांनी भरलेली. वाचण्याची आशा नाही, असंच पाहणाऱ्यांनी सांगितलं.

सध्या

२०२४ साठीचा अंदाज ३८४ व्हेल असा आहे, अधिक-उणे दहाच्या आसपास. तळ गाठल्यानंतर गेली तीन-चार वर्षं आकडा हळूहळू वर सरकतो आहे. विणीच्या वयातल्या, प्रत्यक्ष पिल्लं देणाऱ्या माद्या मात्र सत्तरहून कमी. ही जात सावरायची तर माणसाच्या हातून वर्षाला एकाहूनही कमी व्हेल मरायला हवा, असं समुद्र आणि हवामानाचं काम पाहणाऱ्या नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचं गणित सांगतं.

दरम्यान पाणी पुन्हा बदललं आहे. २०२३ च्या अखेरपासून मेनच्या आखातात खोल थरांत उत्तरेकडचं थंड, कमी खारट पाणी पुन्हा येऊ लागल्याची मापं आली. ते टिकेल की नाही यावर पैज लावायला मी तयार नाही, कारण लांब पल्ल्याचा कल तापण्याचाच आहे. पण काही वर्षं जरी ते टिकलं तरी फंडीच्या खळग्यात कॅलानस पुन्हा साचू शकतो आणि व्हेल त्याच्या मागे येऊ शकतात. त्यामुळे व्हेल गेले म्हणून जुन्या भागांचं संरक्षण रद्द करून ती साधनं उत्तरेला हलवावीत, हा अधूनमधून येणारा व्यवहारी सल्ला मला पटत नाही. हलती रेघ सेंट लॉरेन्सच्या आखातात हवी, आणि जुनी रेघ जागच्या जागीही हवी. टेहळणीचा खर्च त्यानं वाढतो, हे खरं. पण ग्रँड मनान आणि रोझवेचे खळगे कॅनडाच्या कायद्यानुसार महत्त्वाचा अधिवास म्हणून नोंदलेलेच आहेत. २००३ मध्ये वळवलेल्या मार्गानं सेंट जॉनला जाणाऱ्या तेलवाहू जहाजांना फेरा थोडा लांब पडतो, एवढाच तो काय जादा भार, आणि तो त्यांनी इतकी वर्षं सोसला आहे.